एक अख्खा सीझन बुडाला: एनएचएलची २००४-०५ ची टाळेबंदी

१४ सप्टेंबर २००४ ची रात्र. टोरांटोमध्ये वर्ल्ड कप ऑफ हॉकीची फायनल, कॅनडाने फिनलंडला ३-२ ने हरवलं, सगळा देश रस्त्यावर. हॉकी म्हणजे इथे बर्फावरची हॉकी, आपल्या ध्यानचंदांची नव्हे. दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये एनएचएलच्या, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या नॅशनल हॉकी लीगच्या, क्लबमालकांची मीटिंग झाली आणि लीगचे कमिशनर गॅरी बेटमन यांनी सांगून टाकलं की खेळाडूंबरोबरचा करार आज संपतोय, नवा झालेला नाही, त्यामुळे उद्यापासून टाळेबंदी. आदल्या रात्री कप उचललेले खेळाडू एका दिवसात गेटच्या बाहेर. हे पुढे ३१० दिवस चाललं, १२३० मॅचेस गेल्या, आणि उत्तर अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या प्रोफेशनल लीगचा अख्खा सीझन मालक-खेळाडू भांडणात बुडाल्याची ही पहिलीच वेळ. लीगच्या विजेत्याला मिळणारा स्टॅनली कप त्या वर्षी कुणालाच मिळाला नाही, याआधी असं झालं होतं १९१९ मध्ये आणि तेव्हा कारण होतं इन्फ्लुएंझाची साथ.

टाळेबंदी शब्द आता ऐकला की लोकांना कोरोना आठवतो, पण गिरणगावात किंवा एमआयडीसीत वाढलेल्या माणसाला त्याचा जुना अर्थ बरोबर माहीत आहे. संप कामगार करतो, टाळेबंदी मालक करतो. माझे वडील ज्या कारखान्यात होते तिथे एक दिवस गेटला कुलूप दिसलं, ते कधी उघडणार हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्या काळात लोक विचारायचे, "काय, संप चाललाय का तुमचा?" वडील प्रत्येकाला थांबवून सांगायचे की संप नाही, आम्ही कामावर जायला तयार आहोत, त्यांनीच कुलूप लावलंय. एनएचएलच्या बाबतीतही लोक सर्रास "खेळाडूंनी खेळायला नकार दिला" असं म्हणतात, म्हणून ही गोष्ट आधीच स्पष्ट करतोय. २००४ मध्ये खेळाडू जुन्या कराराच्या अटींवर खेळायला तयार होते. कुलूप मालकांनी लावलं.

मागचं न बघता हे कळत नाही

खेळाडूंची युनियन एवढी कडक का होती हे समजायचं तर दोन नावं माहीत हवीत. पहिलं टेड लिंडसे. डेट्रॉइटचा स्टार, १९५७ मध्ये त्याने खेळाडूंची संघटना काढायचा प्रयत्न केला, पेन्शनचे हिशोब दाखवा म्हणाला, आणि क्लबने त्याला उचलून शिकागोला पाठवून दिलं, जी तेव्हा तळाची टीम होती. संघटना मोडली. दुसरं नाव अ‍ॅलन ईगलसन. १९६७ मध्ये प्लेयर्स असोसिएशन उभी राहिली ती याच्या हाताखाली, पुढे जवळपास पाव शतक हाच प्रमुख, आणि शेवटी बाहेर आलं की हा माणूस खेळाडूंच्याच पैशात हात मारत होता. १९९८ मध्ये त्याने फसवणुकीचे गुन्हे कबूल केले आणि तुरुंगात गेला. म्हणजे एक माणूस मालकांनी चिरडला, आणि दुसऱ्याने विश्वास ठेवणाऱ्या खेळाडूंनाच लुटलं. अशा संघटनेत १९९२ मध्ये बॉब गुडनाउ प्रमुख म्हणून आले, वकील, हार्वर्डच्या हॉकी टीमचे माजी कॅप्टन, आणि आल्या आल्या त्यांनी प्लेऑफच्या, म्हणजे सीझनअखेरच्या बाद फेऱ्यांच्या, तोंडावर दहा दिवसांचा संप करून दाखवला. खेळाडूंना पहिल्यांदा वाटलं की आपल्या बाजूने खरंच कोणीतरी उभं आहे. पुढच्या बारा वर्षांत खेळाडू त्यांच्या मागे आंधळेपणाने गेले अशी टीका होते, मला ती पूर्ण पटत नाही, ईगलसननंतर असा माणूस मिळाल्यावर कोणीही गेलं असतं.

बेटमन १९९३ मध्ये एनबीए या बास्केटबॉल लीगमधून आले. १९९४-९५ ला पहिली टाळेबंदी झाली, सीझन ४८ मॅचेसवर आला. तेव्हा मालकांना सॅलरी कॅप, म्हणजे प्रत्येक टीमच्या एकूण पगारखर्चावर मर्यादा, हवी होती ती मिळाली नाही, पण नवख्या खेळाडूंच्या पगारावर मर्यादा आली, क्लब सोडून जायच्या वयावर बंधनं आली, आणि सगळ्यांना वाटलं की मालक जिंकले. मग झालं काय, तर त्या सीझनला जो सरासरी पगार ७.३३ लाख डॉलर होता तो २००३-०४ पर्यंत १८.३ लाखांवर गेला.

हा पगार वाढवला कुणी? याच मालकांनी. न्यूयॉर्क आयलंडर्सने २००१ मध्ये अ‍ॅलेक्सी याशिनला दहा वर्षांसाठी ८.७५ कोटी डॉलर दिले. न्यूयॉर्कच्याच रेंजर्सने २००२ मध्ये बॉबी होलिकला पाच वर्षांचे साडेचार कोटी दिले, चांगला खेळाडू, पण एवढा नव्हे, हे तेव्हाही सगळे बोलत होते. आणि एकाला दिले की दुसऱ्या शहरातला त्याच तोडीचा खेळाडू लवादासमोर बसून म्हणायचा, त्याला एवढे तर मला का नाहीत. रेंजर्स सगळ्यात जास्त पगार वाटणाऱ्यांपैकी एक आणि सलग सात सीझन प्लेऑफच्या बाहेर. म्हणजे पैसे ओतून जिंकता येतंच असंही नव्हतं, तरी ओतत होते.

दुसरी बाजूही खोटी नाही. लीगने १९९१ ते २००० मध्ये २१ टीम्सच्या ३० केल्या, नॅशव्हिल, अटलांटा, कोलंबस, मिनेसोटा यांच्याकडून प्रत्येकी ८ कोटी डॉलर प्रवेश फी घेतली, आणि ते पैसे जुन्या क्लबांमध्ये वाटले गेल्यामुळे खरा तोटा काही वर्षं झाकला गेला. बर्फ कधी बघितलाच नाही अशा गावांमध्ये टीम्स गेल्या. कॅनडातल्या क्लबांचं दुखणं आणखी वेगळं, तिकिटं विकायची कॅनेडियन डॉलरमध्ये आणि खेळाडूंना पगार द्यायचा अमेरिकन डॉलरमध्ये, आणि २००२ च्या सुरुवातीला कॅनेडियन डॉलर ६२-६३ अमेरिकन सेंटवर आला होता. क्वेबेकची टीम १९९५ ला डेन्व्हरला गेली, विनिपेगची १९९६ ला फिनिक्सला. जानेवारी २००३ मध्ये ओटावा आणि बफलो या दोन क्लबांनी एकाच महिन्यात दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यामुळे "मालक नुसतं रडतात" असं म्हणून सोडून देता येत नाही.

हिशोबावर विश्वास नाही तिथे बोलणी कसली

फेब्रुवारी २००४ ला लीगने आर्थर लेविट यांचा रिपोर्ट काढला. लेविट म्हणजे अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाचे माजी प्रमुख, मोठं नाव. रिपोर्ट म्हणाला की २००२-०३ मध्ये लीगला २७.३ कोटी डॉलर तोटा झाला आणि उत्पन्नातले ७५ टक्के खेळाडूंवर जातात. युनियनने विचारलं की याला पैसे कोणी दिले? लीगने. फोर्ब्स मासिकाने स्वतःचा अंदाज काढला तर तोटा निम्म्याहूनही कमी निघाला. वाद असा की ज्याची टीम त्याचंच स्टेडियम, त्याचंच पार्किंग, कधी टीव्ही चॅनलही त्याचंच, मग हॉकीचं उत्पन्न म्हणजे नेमकं काय काय? लक्झरी बॉक्सचे पैसे कुठल्या खात्यात धरायचे? हा प्रश्न सुटल्याशिवाय टक्केवारीवर भांडण्यात अर्थच नव्हता, आणि माझ्या मते बोलणी खरी इथे अडकली, नंतर जे आकडे फेकले गेले त्यात नाही. मालक म्हणत होते आम्हाला खर्चाची खात्री हवी, खेळाडूंना त्यात फक्त एकच शब्द ऐकू येत होता, सॅलरी कॅप, आणि गुडनाउ यांनी वर्षानुवर्षं सांगितलं होतं की कॅप कधीच नाही.

दोघांनीही तयारी आधीपासून केली होती. मालकांनी ३० कोटी डॉलरचा फंड उभा केला होता, क्लबमागे १ कोटी. बेटमन यांनी मालकांच्या तोंडालाही कुलूप लावलं, अटलांटाचे सहमालक स्टीव्ह बेल्किन बदली खेळाडू आणण्याबद्दल जाहीर बोलून गेले तर त्यांना अडीच लाख डॉलर दंड झाला. शिवाय नियम असे की ३० पैकी फक्त ८ मालक बेटमन यांच्या बाजूने असले तरी ते नको असलेला करार अडवू शकत होते. श्रीमंत क्लबांना खेळायचंच होतं, पण त्यांच्या म्हणण्याला वजन नव्हतं. युनियनकडून हे ओळखण्यात चूक झाली असं मला वाटतं, ते वाट बघत राहिले की मालकांच्यात फूट पडेल, १९९४ ला पडली होती तशी, पण या वेळी फूट पडून उपयोगच नाही अशी व्यवस्था आधीच केलेली होती.

९ डिसेंबर

सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारा दिवस हा आहे. तीन महिने बोलणी जवळजवळ बंद होती, आणि ९ डिसेंबरला युनियनने टोरांटोत प्रस्ताव ठेवला की आधीच सही झालेल्या प्रत्येक कॉन्ट्रॅक्टवर आम्ही २४ टक्के कपात घेतो. चालू असलेल्या, कायद्याने पक्क्या असलेल्या कॉन्ट्रॅक्टवर. बदल्यात कॅप नको. हेतू चांगलाच होता, की बघा आम्ही किती समंजस आहोत, आता लोक आमच्या बाजूने येतील. पण लेबरच्या बोलणीतला साधा नियम आहे की एकदा टेबलावर ठेवलेलं परत खिशात घालता येत नाही. लीगने पाच दिवसांनी उत्तर दिलं, त्यात कपातीची कल्पना ठेवली, मोठ्या पगारांना जास्त कात्री लावली, आणि वर कॅपही घातली. त्या दिवसापासून २४ टक्के ही किंमत राहिलीच नाही, तो पाया झाला आणि वरची बोलणी तिथून सुरू झाली.

जानेवारीत एक चांगला प्रयत्न झाला, तो फारसा कुणाला आठवत नाही. युनियनचा अध्यक्ष ट्रेव्हर लिंडन हा स्वतः खेळाडू, व्हँकुव्हरचा लाडका, त्याने सुचवलं की बेटमन आणि गुडनाउ दोघंही खोलीत नकोत, आपण बाकीचे बसू. समोरून कॅल्गरीचे मालक हार्ली हॉचकिस आले. आवाज चढले नाहीत, पण मार्गही निघाला नाही.

मग फेब्रुवारी. १४ तारखेला नायगरा फॉल्सच्या अमेरिकन बाजूला शेवटच्या बैठका, आणि तिथे एका संध्याकाळीत दोन्ही बाजूंच्या भिंती पडल्या. लीगने पगार उत्पन्नाशी जोडायचा हट्ट सोडला, युनियनने "कॅप कधीच नाही" हे सोडलं. युरोपातल्या, घरी बसलेल्या शेकडो खेळाडूंना हे बातम्यांतून कळलं आणि कित्येक जण संतापले, की ज्यासाठी पाच महिने पगार सोडला तेच द्यायचं होतं तर सप्टेंबरमध्ये का नाही दिलं? मला त्यांचा राग योग्य वाटतो. आता भांडण फक्त आकड्याचं उरलं होतं. लीगचा शेवटचा आकडा टीममागे ४.२५ कोटी डॉलर, युनियनचा ४.९ कोटी. मधलं अंतर ६५ लाख. तीसही टीम्सनी कॅपपर्यंत खर्च केला असता तरी सगळं मिळून १९.५ कोटी, आणि लीगचं वर्षाचं उत्पन्न होतं २१० कोटींच्या आसपास. कॅप फेटाळणं हे तत्त्व होतं असं धरलं तरी तत्त्व सोडून झालं होतं, उरला होता भाव, आणि भावासाठी सीझन गेला. १६ फेब्रुवारीला बेटमन यांनी न्यूयॉर्कमध्ये सीझन रद्द केला.

तीन दिवसांनी पुन्हा आशा. करार झाला अशी बातमी पसरली, वेन ग्रेट्स्की आणि मारिओ लेम्यू हे हॉकीतले दोन दिग्गज न्यूयॉर्कच्या मीटिंगला गेले, कॅनडात लोक टीव्हीसमोर बसून राहिले, सहा तासांहून जास्त बैठक चालली आणि रिकाम्या हाताने सगळे परत. लेम्यूबद्दल थोडं सांगायलाच हवं. पिट्सबर्ग क्लब १९९८ मध्ये दिवाळखोरीत गेला तेव्हा त्याचा कोट्यवधींचा थकलेला पगार क्लबकडे अडकला होता, त्या थकबाकीच्या बदल्यात तो मालक झाला, आणि पुढे मालक असतानाच पुन्हा बर्फावर उतरला. त्याने दोन्ही बाजूंनी कॉन्ट्रॅक्ट बघितलं होतं, आणि या भांडणात तो मालकांच्या बाजूला बसला.

दरम्यान ३८८ एनएचएल खेळाडू युरोपात खेळून आले. जो थॉर्नटन आणि रिक नॅश डावोसला गेले आणि डावोस स्विस चॅम्पियन झाली. लेकाव्हलिए, ब्रॅड रिचर्ड्स, कोवालचुक रशियात कझानला गेले. ऐकायला छान वाटतं, पण त्यांच्यामुळे तिथल्या ज्या मुलांची टीममधली जागा गेली त्यांच्याबद्दल कोणी फारसं लिहीत नाही. आणि ज्यांच्या हातात कुठलंच कॉन्ट्रॅक्ट नव्हतं, तिकीट तपासणारे, स्टेडियममध्ये खाणं विकणारे, पार्किंगवाले, मॅचच्या रात्रीवर चालणारे आजूबाजूचे पब, त्यांच्यासाठी कुठला फंड नव्हता. लीगने स्वतःच्या ऑफिसातला जवळपास निम्मा स्टाफ कमी केला. बोलणीच्या टेबलावर यांची खुर्ची नव्हतीच.

जुलैमध्ये काय हाती आलं

१३ जुलै २००५ ला तत्त्वतः करार झाला, खेळाडूंनी ८७ टक्के मतांनी मान्य केला, मालकांनी एकमताने. कॅप ३.९ कोटी डॉलर. फेब्रुवारीत नाकारलेल्या ४.२५ पेक्षा कमी! २४ टक्के कपात कायम. खेळाडूंचा वाटा उत्पन्नाच्या ५४ टक्क्यांपासून सुरू आणि उत्पन्न वाढेल तसा ५७ पर्यंत. एका खेळाडूला कॅपच्या २० टक्क्यांहून जास्त नाही. आणि एस्क्रो, म्हणजे पगाराचा काही भाग बाजूला ठेवायचा, वर्षाच्या शेवटी हिशोब करून खेळाडूंचा वाटा ठरल्यापेक्षा जास्त झाला असेल तर तो मालकांना परत. खेळाडूंच्या बाजूने किमान पगार साडेचार लाखांवर गेला, फ्री एजंट व्हायचं, म्हणजे कुठल्याही क्लबकडे मोकळेपणी जाता यायचं, वय टप्प्याटप्प्याने २७ वर आलं, मोठ्या क्लबांनी छोट्यांना पैसे द्यायचे ठरलं, प्रत्येक टीमने निदान २.१५ कोटी खर्च करायचेच असं ठरलं. महिना संपायच्या आत गुडनाउ यांनी पद सोडलं.

तेव्हा सगळ्या पेपरांनी लिहिलं की खेळाडू साफ हरले. आता थोडं थांबून पुढचे आकडे बघा. कॅप २००६-०७ ला ४.४ कोटी, २००७-०८ ला ५.०३, २००८-०९ ला ५.६७, २०११-१२ ला ६.४३ कोटी. कारण उत्पन्न वाढलं, कॅनेडियन डॉलर वर गेला, आणि पगार उत्पन्नाला जोडलेला असल्यामुळे तोही वर गेला. फेब्रुवारीच्या प्रस्तावात हा दोर नव्हताच, तो मान्य झाला असता तर कॅप आपोआप चढली नसती. जी गोष्ट टाळायला युनियन सगळ्यात जास्त भांडली त्याच गोष्टीने पुढच्या पिढीच्या खेळाडूंना पैसे दिले. आणि मालकांनी जो दोर मागून घेतला तो त्यांनाच जड झाला, मग त्यांनी दहा-बारा वर्षांची लांबलचक कॉन्ट्रॅक्ट देऊन कॅपला बगल द्यायला सुरुवात केली, आणि २०१२ मध्ये पुन्हा कुलूप लावलं. तेव्हा ५७ वरून ५० टक्क्यांवर आणलं, सीझन ४८ मॅचेसचा झाला, सरकारी मध्यस्थ स्कॉट बेकनबॉ यांनी दोन्ही बाजूंमध्ये धावपळ करून तो निदान वाचवला.

पण "शेवटी खेळाडूंचा फायदाच झाला" हे वाक्य मला खटकतं. कुठल्या खेळाडूंचा? एनएचएलमधली सरासरी करिअर पाच वर्षांच्या आसपास असते. एक सीझन गेला म्हणजे आयुष्यभराच्या कमाईतला पाचवा हिस्सा गेला, वर उरलेल्या कॉन्ट्रॅक्टवर २४ टक्के कपात. २००८ ला जो ५.६७ कोटींच्या कॅपमध्ये कमवत होता तो बहुतेक वेळा दुसराच माणूस होता, २००४ ला शाळा-कॉलेजात असलेला. क्लब मात्र तोच, मालकही बऱ्याच ठिकाणी तेच, एक वर्ष बंद ठेवून पुढची तीस वर्षं बघू शकणारे. माझ्या वडिलांच्या वेळीही हेच होतं, मालकाला सहा महिने परवडत होते आणि आम्हाला सहा आठवडे नाही, त्यामुळे कोण बरोबर हा प्रश्न गेटवर कधी नीट विचारलाच गेला नाही.

सप्टेंबर २००५ मध्ये, बर्फ पुन्हा तयार होत असताना, एकाच महिन्यात स्कॉट स्टीव्हन्स, अल मॅकइनिस, मार्क मेसिए आणि रॉन फ्रान्सिस निवृत्त झाले. स्टीव्हन्स आणि मॅकइनिस आधीच दुखापतींनी बाहेर होते. रेंजर्सच्या मेसिएचं तसं नव्हतं. ३१ मार्च २००४ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनवर बफलोविरुद्ध वयाच्या ४३ व्या वर्षी त्याने गोल केला, पब्लिक उभं राहून ओरडत होतं, आणि निरोप घेतोय असं त्याने सांगितलं नव्हतं. पुढच्या सीझनला तो उतरला असता की नाही हे त्यालाच माहीत. त्याच्या खात्यावर १७५६ मॅचेस राहिल्या. सगळ्यात जास्त मॅचेसचा गॉर्डी हाऊचा तेव्हाचा रेकॉर्ड १७६७ चा होता, फक्त ११ मॅचेस पुढे.